वाळवीला घाई नसते

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की त्या संध्याकाळी आमच्या कोकणात घरोघरी दिव्यांभोवती पंखांच्या किड्यांची झुंबड उडते. पूर्वापार रीतीप्रमाणे घरातली मंडळी सगळे दिवे मालवतात, एकच दिवा लावून त्याखाली पाण्याची परात ठेवतात आणि सकाळी पंखांचा ढीग केराच्या सुपात गोळा करतात. हे किडे म्हणजे नव्या वसाहतीच्या शोधात निघालेली वाळवी होय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विदर्भात हिलाच उधई म्हणतात. नागपंचमीला आपण ज्या वारुळाची पूजा करतो, तेही मुंग्यांनी नव्हे, तर वाळवीनेच बांधलेले असते. 'वल्मीक' म्हणजे वारूळ, आणि त्यावरूनच वाल्मीकी हे नाव आले. इतका जुना शेजार असूनही या किड्याविषयी आपल्या मनात दोनच भावना असतात, धास्ती आणि घाई. आजचा लेख त्या घाईविषयी आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात वाळवी कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. वाळवी माणसाला रोग देत नाही. डास किंवा घरमाशीप्रमाणे ती जंतू वाहून आणत नाही आणि माणसाच्या वाटेला जाऊन चावतही नाही. तरीही गेल्या सत्तावीस वर्षांच्या वैद्यकीत वाळवीमुळे आजारी पडलेली माणसे मी पाहिली आहेत. वाळवीपेक्षा वाळवीवरच्या उपायांनीच ती आजारी पडली होती. त्यांतील एक प्रसंग मी अनेक वर्षे कोणाला सांगितला नव्हता, कारण त्यात माझीही चूक आहे.

श्रावणातील एक संध्याकाळ होती. निवृत्त शिक्षक असलेले एक काका आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे बरीच वर्षे येत. काकूंना विस्मरणाचा आजार जडला होता आणि त्यासाठी त्यांना रोज रात्री डोनेपेझिलची गोळी चालू होती. त्यांच्या सुनेचा फोन आला, "डॉक्टर, सासूबाईंना दोनदा उलटी झाली, जुलाबही होताहेत. तुम्ही येऊन जाल का?" मी गेले. काकू घामाने भिजल्या होत्या. पावसाळ्यात पोटाचे विकार आमच्याकडे रोजचेच. मी पोट तपासले, रक्तदाब पाहिला, उलटी थांबवणारे औषध दिले, क्षारसंजीवनी घोटघोट पाजायला सांगितली आणि निघाले. घरात रॉकेलसारखा उग्र वास येत होता. फरशी कशाने तरी पुसली असेल, असे मी मनाशी म्हटले. मनाशी म्हटले, पण विचारले नाही.

दोन तासांनी पुन्हा फोन आला. काकूंच्या छातीत घरघर सुरू झाली होती आणि तोंडातून लाळ गळत होती. या वेळी मी नाडी पूर्ण एक मिनिट मोजली, ती अठ्ठेचाळीस भरली. डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकला, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. दंडाचे स्नायू बारीक थरथरत होते. मग मी विचारले, "हा वास कसला?" काकांनी खालच्या आवाजात सांगितले, की दुपारी वाळवीचे औषध मारून घेतले आहे. खोलीच्या चौकटीला आणि भिंतीच्या कडेने जमिनीत. बाहेर धो धो पाऊस असल्यामुळे खिडक्या बंदच होत्या. औषध मारणारा माणूस निघून गेल्यावर काकू नेहमीच्या सवयीने अनवाणी त्या खोलीत फिरल्या होत्या आणि बराच वेळ ओल्या चौकटीवरून हात फिरवीत बसल्या होत्या. तोच हात तोंडाला लागला असणार.

काकूंना तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवले. तेथे ॲट्रोपीन सुरू झाले, चार दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि सुदैवाने बऱ्या होऊन घरी आल्या. मात्र पहिल्या भेटीत मी एक प्रश्न विचारला असता, तर दोन तास वाचले असते. तेव्हापासून घरभेटीला गेले, की मी आधी वास घेते आणि मग नाडी पाहते.

काकूंच्या शरीरात काय घडले, ते समजून घेऊ. वाळवीसाठी आपल्याकडे क्लोरपायरिफॉस हे औषध फार वर्षे वापरात आहे. ते सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशक आहे. आपल्या मज्जातंतूंमध्ये संदेश पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य असते. संदेश पोहोचला, की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते द्रव्य मोडून टाकते. हे कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. मग संदेश थांबतच नाहीत. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, श्वासनलिकांत स्राव, मंद नाडी, बारीक बाहुल्या आणि स्नायूंची थरथर ही सारी त्याचीच रूपे आहेत. आता लक्षात घ्या, विस्मरणाच्या आजारावरील डोनेपेझिल आणि रिव्हॅस्टिग्मिन ही औषधेही त्याच विकराचा जोर कमी करतात. औषध म्हणून मोजक्या मात्रेत ते उपयुक्तच असते. परंतु त्यावर कीटकनाशकाची भर पडली, की दोन्ही परिणाम एकत्र होतात. ज्या मात्रेने घरातील धडधाकट सुनेला केवळ डोके दुखल्यासारखे वाटले, त्याच मात्रेने काकू मरणाच्या दारात गेल्या.

म्हणून ज्या घरात विस्मरणाचा रुग्ण आहे, दम्याचा किंवा फुफ्फुसाच्या जुनाट विकाराचा रुग्ण आहे, मायस्थेनियासाठी पायरिडोस्टिग्मिन घेणारे कोणी आहे, किंवा नाडी मंद करणाऱ्या गोळ्या घेणारा हृदयरुग्ण आहे, त्या घराने वाळवीचे औषध मारण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एक फोन जरूर करावा. मात्र कोणतीही चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. रुग्णाला काही दिवस दुसरीकडे हलवणे हाच सोपा आणि सुरक्षित उपाय असतो.

काका नंतर मला म्हणाले, "कपाटातला लग्नाचा आल्बम निम्मा खाल्लेला दिसला आणि मला एक दिवसही धीर धरवेना." त्यांचे दुःख मला कळले. पत्नीच्या स्मृती एकीकडे आजार पुसत होता आणि दुसरीकडे कपाटात वाळवी. परंतु वाळवीची गोष्ट अशी आहे, की ती आपल्याला दिसते तेव्हा ती आलेली नसते, कित्येक महिने राहत असते. जमिनीतील वसाहतीतून मातीच्या बोटभर रुंद नळ्या भिंतीवर चढवून, अंधारात आणि ओलाव्यात ती हळूहळू काम करते. तिच्या पोटातील सूक्ष्मजीव लाकडातील व कागदातील सेल्युलोज पचवतात. हे काम संथ असते. आणखी आठ-दहा दिवस उशीर झाला, तर घर कोसळत नाही. वाळवीला घाई नसते, आपणही करू नये. हे आठ-दहा दिवस नियोजनासाठी वापरावेत.

पहिले काम पाहणीचे. पंख असलेला किडा दिसला, की तो वाळवीचा की मुंगीचा, हे ओळखता येते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. बाहेरून दिव्यावर आलेले किडे झाडून टाकले, की पुरे. त्यांच्यावर घरभर फवारा मारण्याची गरज नसते. पण हेच किडे घरातल्या चौकटीतून किंवा फरशीच्या फटीतून बाहेर पडत असतील, तर वसाहत घरातच आहे असे समजावे. येथे एक सावधगिरीची सूचना: किड्यांसाठी दिवे मालवताना घरातील ज्येष्ठांना आधी खुर्चीवर बसवावे आणि पाण्याची परात वाटेत ठेवू नये. अंधारात परातीला अडखळून पडलेल्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडलेले मी पाहिले आहे.

पाहणी करताना चौकटीवर बोटाच्या पेराने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ, भदभदीत आवाज आला, की आतले लाकूड गेले. वरचा रंग शाबूत असतो, म्हणून फसगत होते. न्हाणीघराची चौकट, जिन्याचा कठडा, पलंगाचे पाय आणि देवघरातला पाट या जागा आधी तपासाव्यात, कारण ज्येष्ठ माणसे त्यांच्यावर शरीराचा भार टाकतात. न्हाणीघरात आधारासाठी लावलेली दांडी लाकडी चौकटीत बसवली असेल, तर तिचे स्क्रू घट्ट आहेत का, हे हाताने ओढून पाहावे. माझ्या मते ज्या घरात वृद्ध आहेत, तेथे आल्बमपेक्षा या दांडीची काळजी आधी करावी. माळ्यावरची पाहणी तरुणांनी करावी. साठीनंतर शिडीवर चढू नये, एवढे साधे पथ्य पाळले, तरी बरीच हाडे शाबूत राहतील.

दुसरे काम ओलावा तोडण्याचे. गळका नळ, न्हाणीघराच्या भिंतीतून झिरपणारे पाणी, भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा, जमिनीवर ठेवलेली रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी ही वाळवीची निमंत्रणपत्रिकाच होय. कपाटे भिंतीपासून चार बोटे तरी दूर असावीत. कागदपत्रे लोखंडी मांडणीवर, झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रुग्णाची जुनी फाइल, हृदयालेख, शस्त्रक्रियेचे कागद आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांची छायाचित्रे काढून मुलांच्या फोनमध्ये ठेवावीत. वाळवीने फाइल खाल्ल्यामुळे जुनी ॲलर्जी कोणत्या औषधाची, हेच सांगता न आलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. खाल्लेली पुस्तके व कागद उपसताना धूळ आणि बुरशी उडते. दमेकऱ्याने त्या खोलीत थांबू नये आणि उपसणाऱ्याने नाकातोंडावर मास्क लावावा.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द. पुस्तकांत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला ठेवण्याची आपली रीत चांगली आहे. लहानसहान किडे त्याने दूर राहतात, पण जमिनीतून आलेली वाळवी त्याला जुमानत नाही. डांबराच्या गोळ्यांनी ती हटत नाहीच. शिवाय विस्मरणाचे रुग्ण आणि लहान मुले त्या गोळ्या खडीसाखर समजून तोंडात घालतात. त्यांतील नॅफ्थलीनमुळे काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. चौकटीत रॉकेल ओतणे म्हणजे घरात आग आणि वास दोन्ही पाळणे. आणि धान्याला लावण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वाळवीसाठी किंवा अन्य कशासाठीही राहत्या खोलीत कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो आणि त्यावर उतारा नाही. जुन्या घरांच्या माळ्यावर ऑल्ड्रिन, क्लोरडेन असे लिहिलेले गंजके डबे कधीकधी सापडतात. या औषधांवर भारतात बंदी आहे. ते उघडू नयेत आणि नदी-ओढ्यात तर मुळीच फेकू नयेत. नगरपालिकेला किंवा कृषी कार्यालयाला कळवावे.

तिसरे काम योग्य माणूस बोलावण्याचे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार व्यवसाय म्हणून घरात कीटकनाशक मारणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो दाखवा म्हणण्यात संकोच नसावा. बांधून झालेल्या घरांत वाळवीचा बंदोबस्त कसा करावा, याची पद्धत भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ या संहितेच्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. साधारणपणे भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत सुमारे एक-एक फुटावर बारीक छिद्रे पाडून औषध जमिनीत सोडतात आणि छिद्रे बुजवतात. भिंतींवर व हवेत फवारा मारत सुटणे हा वाळवीवरचा उपाय नव्हे. औषध कोणते, त्याचे पाण्याशी प्रमाण काय, हे कागदावर लिहून घ्यावे आणि डब्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून ठेवावे. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. क्लोरपायरिफॉसवर पिवळा त्रिकोण असतो. अमेरिकेत त्याचा घरातील बहुतेक वापर २००० सालापासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन यांसारखी अन्य औषधे आज उपलब्ध आहेत. तीही विषेच आहेत, बायफेन्थ्रिनने कातडीची आग होऊ शकते आणि दमाही उसळू शकतो. परंतु डोनेपेझिल घेणाऱ्या रुग्णाच्या घरात सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषध टाळा, असे आपण स्पष्ट सांगू शकतो. वाळवीला कात टाकू न देणारे आमिष ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. पण घरात आजारी माणूस असेल आणि ती सोय मिळत असेल, तर तिचा विचार अवश्य करावा.

औषध मारण्याचा दिवस शक्यतो कोरडा निवडावा, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवता येतात. भांडी, धान्य, पिण्याचे पाणी, अंथरुणे आणि औषधांचा डबा आधीच खोलीबाहेर न्यावा. अंगणात विहीर किंवा जमिनीखालची पाण्याची टाकी असेल, तर तिच्या जवळच्या मातीत औषध सोडू देऊ नये. ज्येष्ठ, रुग्ण, गर्भवती व लहान मुले यांनी काम सुरू होण्यापूर्वीच घर सोडावे. फरशी पूर्ण वाळून वास जाईपर्यंत त्यांनी परतू नये. किमान एक दिवस-रात्र, आणि लाकडाला तेलकट औषध लावले असेल तर दोन-तीन दिवस, असे मी माझ्या रुग्णांना सांगते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हलवता येत नसेल, तर त्याची खोली या वेळी वगळावी आणि पुढे सोय होईल तेव्हा ती करावी. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून कधीही ठेवून घेऊ नये. औषध मारणाऱ्याने ते सोबतच न्यावे.

इतके करूनही घरात कोणाला घाम, लाळ, उलटी, जुलाब, घरघर, धूसर दिसणे किंवा अचानक गोंधळलेपण जाणवले, तर 'वय झाले, असे होतेच' म्हणून थांबू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे. हातमोजे किंवा पिशव्या हातांत घालून त्याचे कपडे उतरवावेत आणि अंग साबणाच्या पाण्याने धुवावे. औषध पोटात गेल्याचा संशय असला, तरी उलटी काढू नये. तेलकट द्रव फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. दूध, तूप, लिंबू यांपैकी काहीही पाजू नये. भान हरपत असेल, तर डाव्या कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डब्याचे छायाचित्र व रुग्णाच्या नेहमीच्या गोळ्या सोबत न्याव्यात. डॉक्टरांपाशी पोहोचताच पहिले वाक्य हेच असावे, "घरात वाळवीचे औषध मारले आहे." डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये. माझ्यासारखी एखादी विचारायचे विसरू शकते.

काकू त्यानंतर आणखी तीन वर्षे होत्या. शेवटी शेवटी त्यांना कोणी ओळखू येत नव्हते. काकांनी त्या अर्ध्या आल्बममधले उरलेले फोटो एकेक करून काचेत बसवले आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावले. मी तपासायला जाई, तेव्हा काकू त्या फोटोंकडे बोट दाखवून मला विचारीत, "ही कोण गं मुलगी?" काका प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत, "तूच ती." वाळवीने निम्मा आल्बम खाल्ला, याचे दुःख त्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवले नाही.

वाचकहो, या पावसाळ्यात चौकटीवर मातीची नळी दिसली, तर आधी शांतपणे बसा, चहा घ्या, घरातल्या माणसांची आणि त्यांच्या गोळ्यांची यादी करा. वाळवी पुढच्या आठवड्यातही तेथेच असेल.